पाषाण तलाव आणि वेताळ टेकडी: एका सकाळीत पक्षी कसे बघायचे

थंडी सुरू झाली की ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं, पक्षी बघायला सुरुवात करायचीये, भिगवणला कधी जाऊया? फ्लेमिंगो बघायचे असतात सगळ्यांना, आणि भिगवण सुंदरच आहे त्यात वादच नाही, पण माझं उत्तर दरवेळी एकच असतं, आधी पाषाणला चला. कारण भिगवणला तुम्ही वर्षातून एकदा जाणार, बोटवाला दाखवेल ते बघणार, फोटो काढणार आणि घरी येणार. पाषाण तलाव आणि शेजारची वेताळ टेकडी मात्र आपल्या घराजवळची, तिथे महिन्यातून दोनदा जाता येतं, आणि पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर त्याच जागी परत परत जाण्यासारखं दुसरं काही नाही. मी गेली बरीच वर्षं तेच करतेय आणि जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, पुण्याबाहेरच्यांनी आपापलं तळं आणि आपापली टेकडी धरून वाचा, पद्धत तीच.

पहिली गोष्ट वेळ. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे साडेसहाला तलावापाशी पोचलेलं असायला हवं. आठला निघू, नाश्ता करून जाऊ असं केलंत तर पक्षी असतात पण शांत बसलेले असतात, उन्हं चढली की त्यांचं खाणंपिणं आटोपतं आणि आवाज बंद होतात. पहिला दीड तास सोन्यासारखा, तो चुकवू नका. उन्हाळ्यात तर सहालाच लख्ख उजाडतं त्यामुळे अजून लवकर.

मी आधी तलाव करते आणि मग टेकडी. तलावावर सकाळची कोवळी उन्हं मिळतात, पाण्यावर अजून चकाकी आलेली नसते, आणि तिथे चालायचं फार नसतं त्यामुळे डोळे आणि कान आधी तयार होतात. तिथे तास-दीड तास काढायचा, मग पाषाणच्या पंचवटी भागाच्या बाजूने टेकडीवर चढायचं, गाडीने मधलं अंतर पंधरा-वीस मिनिटांचं आहे.

सामान जास्त नको. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर पहिले दोन-तीन महिने नुसत्या डोळ्यांनी बघा, खरंच चालतं. घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ घ्या. यातला ८ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास ४२ मिलिमीटर, काच जितकी मोठी तितका उजेड जास्त. दुकानदार १० बाय ५० किंवा त्याहून मोठी गळ्यात घालायला बघतात, पण ती जड असते, हात थरथरतो आणि दिसणारा भाग लहान होतो, नवीन माणसाला त्यात पक्षी सापडतच नाही.

दुर्बीण आणली की एक काम घरीच करा, गॅलरीत उभं राहून. बहुतेक दुर्बिणींना उजव्या डोळ्याच्या नळीवर एक फिरणारी कडी असते, ती शोभेची नाहीये. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, त्यासाठी ती आहे. समोरच्या पाटीवर नजर लावायची, उजवी काच हाताने झाकायची आणि मधलं मोठं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत आणायचं. मग डावी काच झाकायची आणि चाकाला हात न लावता फक्त ती कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्वच्छ करायचं. झालं, कडी कुठल्या खुणेवर आहे ते लक्षात ठेवा, यापुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली मुडपा किंवा फिरवून आत घाला. हे न केल्यामुळे कित्येक जणांची दुर्बीण कपाटात पडून आहे, मला दिसतच नाही म्हणतात बिचारे.

आणि दुर्बिणीतून पक्षी शोधायचा नसतो. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचा, त्याच्यावरची नजर जराही न हलवता दुर्बीण वर उचलून डोळ्यांना लावायची. दहा-बारा वेळा कावळ्यावर, कबुतरावर सराव करा म्हणजे जमतं. सोबतच्याला दाखवताना "ते बघ तिकडे, झाडावर" याचा काही उपयोग नसतो, घड्याळ वापरा, म्हणजे झाडाचा शेंडा बारा वाजता धरायचा आणि सांगायचं, बाभळीवर तीन वाजता, वाळक्या फांदीच्या टोकाला. लगेच सापडतं.

कपडे मळखाऊ, खाकी किंवा मातकट, पांढरे आणि भडक नको. पायात जुने पण पकड असलेले शूज, टेकडीवर मुरूम आहे आणि उतरताना तो पायाखालून सरकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळलेल्या गवताची कुसळं सॉक्समध्ये घुसतात आणि जीव नकोसा करतात, म्हणून त्या दिवसांत गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला, लोकरी सॉक्स नको. पाणी माणशी एक लिटर, टोपी, खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण दवाने वही ओलसर झाली की पेन चालत नाही.

आता तलावाकडे. पाषाण तलाव नैसर्गिक नाहीये, ब्रिटिशांच्या काळात रामनदी अडवून तो बांधला, गव्हर्नरच्या बंगल्याला म्हणजे आत्ताच्या विद्यापीठाच्या इमारतीला पाणी मिळावं म्हणून. पोचल्यावर सगळ्यात आधी सूर्य कुठे आहे ते बघा आणि तो पाठीशी येईल अशी जागा धरा. सूर्य समोर असेल तर सगळी बदकं काळी दिसतात, रंग कळत नाही आणि माणूस वैतागतो. जागा धरली की दहा मिनिटं तिथेच थांबायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. नवीन माणसाला हे सगळ्यात अवघड जातं, त्याला वाटतं पुढे गेलं की जास्त दिसेल. होतं उलटं, आपण चालत असतो तोवर पक्षी दबून बसतात आणि आपण थांबलो की आठ-दहा मिनिटांत आपल्याला विसरतात, मग काठाच्या लव्हाळ्यातून एकेक बाहेर येतात.

सुरुवात पाण्यावरच्यांपासून करा कारण ते मोठे असतात आणि उडून जायची घाई करत नाहीत. हळदी-कुंकू बदक आधी शोधा. चोच काळी, टोकाला पिवळा ठिपका आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपका, हळद आणि कुंकू. एकदा हे नाव कळलं की ते बदक परत कधी चुकत नाही, म्हणून मी म्हणते की मराठी नावं पाठ करा, ती कोणीतरी बारकाईने बघूनच ठेवलेली आहेत. वारकरी तसाच, सगळं अंग काळं आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. टिबुकली म्हणजे मुठीएवढं गोल तपकिरी पिल्लूच वाटतं, दिसली म्हणेपर्यंत बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते, तिच्यासोबत लहान मुलांना खेळ लावून द्यावा, आता कुठून वर येईल सांग, पोरं अर्धा तास हलत नाहीत.

पाणकावळा बुडी मारून आला की खडकावर किंवा वाळक्या झाडावर पंख पसरून उभा राहतो. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं पण पाणकावळ्याची पिसं बऱ्यापैकी भिजतात, त्यामुळे त्याला पाण्याखाली खोल जायला सोपं पडतं, आणि बाहेर आल्यावर वाळवायला लागतं. काठावर चिखलात मातकट रंगाचा बगळा मान आखडून बसलेला दिसला की तो वंचक, बसलेला असताना चार फुटांवरून दिसत नाही आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख. गुलाबी काड्यांसारखे लांबच लांब पाय असले की शेकाट्या. खंड्या तर सगळ्यांना माहीत असतो, पण काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो, तो बघायला मिळाला तर सकाळ सार्थकी लागली समजा. हिवाळ्यात पाहुणे येतात, फावड्यासारखी चोच असलेला थापट्या, शेपटी वरखाली करत फिरणारे धोबी, तारांवर ओळीने बसलेल्या भिंगऱ्या.

एक गोष्ट मनापासून सांगते, पाषाणला पूर्वीइतके पक्षी राहिले नाहीत. जुने लोक सांगतात ते आकडे आता दिसत नाहीत. नदीतून सांडपाणी येतं, त्यातल्या खतासारख्या घटकांवर जलपर्णी फोफावते आणि ती पसरली की पाण्यात उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. वरून हिरवंगार दिसतं म्हणून लोक छान छान म्हणतात पण बदकांना आणि टिबुकलीला मोकळं पाणी लागतं. जांभळ्या पाणकोंबड्या मात्र त्या जलपर्णीवरून लांब बोटांनी आरामात चालतात, वंचकही बसतात. म्हणून तलाव बघताना मोकळं पाणी किती आणि जलपर्णी किती हे पण वहीत लिहा, निम्मा तलाव, पाव तलाव, इतकं ढोबळ चालेल. दोन-तीन वर्षांनी तुमच्या त्या नोंदी कोणत्याही तक्रारअर्जाला जोडता येतात.

ओळखायचं कसं याबद्दल थोडं. नवीन माणूस रंगापासून सुरू करतो आणि फसतो, कारण उजेडाप्रमाणे रंग बदलतो. आधी आकार घ्या. आपल्याकडे मोजपट्टी तयार आहे, चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार. हा पक्षी मैनेपेक्षा मोठा का लहान? मग चोच कशी आहे, जाड, बारीक, वाकडी? मग काय करतोय, जमिनीवर टुणटुण उड्या मारतोय का पावलं टाकत चालतोय, फांदीवरून झेपावून परत त्याच फांदीवर येतोय का? शेपटी हलवतोय का? आणि सगळ्यात शेवटी रंग. एवढं वहीत लिहून झालं की मग मोबाईल काढा. मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, ते आवाज ऐकून नाव सुचवतं, कामाचं आहे, पण ते सुचवतं फक्त, ठरवायचं आपण. ॲपने नाव दाखवलं आणि पक्षी दिसलाच नाही तर मी तो लिस्टमध्ये धरत नाही.

साडेआठच्या सुमाराला टेकडी. वेताळ टेकडीला वाटा पुष्कळ, लॉ कॉलेजच्या मागून, गोखलेनगरमधून, चतुःशृंगीकडून, कोथरूडकडून, पाषाणला पंचवटीतून, आणि ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी वरपर्यंत न्यावी, तिथून खाणीकडे आणि वेताळाच्या देवळाकडे बरीचशी सपाट वाट आहे. माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर आणि शहर ५६० च्या आसपास, म्हणजे चढ सव्वादोनशे-अडीचशे मीटरचा, ज्याला सवय नाही त्यानेही थांबत थांबत तासाभरात चढावा इतकाच. दम लागला की थांबा आणि थांबलात की बघा.

टेकडीवर सगळीकडे सारखे पक्षी नसतात. गिरिपुष्पाची म्हणजे ग्लिरिसिडियाच्या झाडांची दाट लागवड आहे त्या भागात माझ्या अनुभवाने फार कमी दिसतं, मोकळं गवत आणि मधेमधे बोरी-बाभळीची झुडपं असा जो पट्टा आहे तिथे वेळ घालवा. तिथे खाटीक झुडपाच्या टोकाला बसलेला असतो, कोतवाल, वेडा राघू, दगडावर शेपटी उभी करून बसलेला चीरक. वटवट्या झुडपात असतो आणि नावाप्रमाणेच गप्प बसत नाही. तितराची जोडी ओरडते तेव्हा अख्खी टेकडी दणाणते पण दिसायला मात्र नशीब लागतं. मोरांचं तसं नाही, सकाळी शांतपणे चाललात तर दिसतातच. खाणीत पाणी साठलेलं असतं तिथे दहा मिनिटं बसा, पाणी प्यायला काय काय येतं. पण बसा काठापासून लांब, कडा निसरड्या आहेत आणि पाण्यात उतरायचं तर नावच काढू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर एक सोपी युक्ती, फुललेली काटेसावर किंवा पळस शोधायचा आणि पंधरा पावलांवर खाली बसायचं. चालायचं नाहीच. सूर्यपक्षी, बुलबुल, कोतवाल, मैना, हळद्या, आणि असतील तर भोरड्यांचा थवाच्या थवा, सगळे एका झाडावर येतात, एका तासात वीस जाती सहज होतात. ज्याला गुडघ्यांचा त्रास आहे त्याने तर असंच बघावं, माझी आई असंच बघते, चटई घेऊन.

मे संपता संपता आणि जूनमध्ये दुसराच मोसम असतो. पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" करत असतो, चातक आफ्रिकेकडून पावसाच्या वाऱ्यासोबत येतो, आणि ज्याच्यासाठी मी पहाटे पाचला उठते तो नवरंग. पाठ हिरवी, पंखांत निळा, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली लाल. गर्द झाडीत पालापाचोळ्यावर उड्या मारत किडे खातो त्यामुळे इतके रंग असूनही दिसत नाही, आधी ऐकू येते ती दोन सुरांची शीळ, पहाटे आणि संध्याकाळी. शीळ आली की तिकडे धावू नका, बसा, वाट बघा. आणि इथे एक कळकळीची विनंती आहे, मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो त्याच्या विणीचा काळ असतो, त्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत शिरला, खाणं सोडून तो भांडायला येतो, तुम्ही गेल्यावर दुसरं कोणी येऊन परत वाजवतं आणि त्याचा दिवस असाच जातो.

घरट्यांचं पण सांगते कारण मी स्वतः चुकले आहे. एका एप्रिलमध्ये खाणीच्या वरच्या पठारावर चालत होते आणि एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून नुसती आकांत करत होती. मला वाटलं छान, जवळून फोटो मिळतोय, म्हणून मी तिथेच उभी राहून फोटो काढत बसले, चांगली पाच-सात मिनिटं. मग सहज खाली बघितलं तर माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाही, मुरमात एक उथळ खळगा, भोवती बारके खडे, आणि मातीच्याच रंगाची काळ्या डागांची अंडी, चारही निमुळती टोकं मधे जुळवून ठेवलेली. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर संपलंच होतं. एप्रिलचं ऊन आणि त्या सात मिनिटांत ती अंडी उघडी होती माझ्यामुळे. तेव्हापासून टिटवी ओरडायला लागली की मी आधी पायाखाली बघते, आलेल्या पावलांवर पाऊल ठेवून मागे फिरते आणि लांबून जाते. मार्च ते जून मोकळ्या पठारावर वाट सोडून चालू नका. कुत्रा सोबत असेल तर त्याला साखळी लावा, टिटवीची पिल्लं उडता येईपर्यंत जमिनीवरच असतात. आणि तिच्या अंड्यांचा फोटो लोकेशन टाकून ग्रुपवर पाठवू नका.

जानेवारीत झाडांना मांजा अडकलेला असतो. मी छोटी कात्री ठेवते, हाताला येईल तेवढा कापून, गुंडाळून, खाली आणून टाकते. जखमी पक्षी सापडला तर पाणी पाजायचा प्रयत्न करू नका, भेदरलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत ते जातं. ओढणी किंवा रुमाल हलकेच टाकून झाका, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करा. बदकांना ब्रेड, फरसाण टाकायचं नाही, घरून आणलं असेल तर आपणच खायचं. आणि संध्याकाळी गेलात तर अंधार पडायच्या आत खाली उतरा, एकटं असाल तर खासकरून, घरच्यांना कुठल्या वाटेने जाताय ते सांगून ठेवा.

नोंदी ईबर्डवर टाका, ते पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं फुकट ॲप आणि वेबसाईट आहे. ॲपमध्ये लिस्ट सुरू करायची, वेळ आणि चाललेलं अंतर ते आपोआप मोजतं, आपण फक्त जात आणि आकडा भरायचा. आकडा अंदाजे चालतो पण टाका, नुसती "दिसला" अशी खूण केली तर त्यातून पुढे फार काही कळत नाही. आणि कावळे, कबुतरं, घारी पण मोजा, नवीन लोक ते सोडून देतात. तलावाची लिस्ट वेगळी आणि टेकडीची वेगळी, दोन्ही एकत्र करू नका. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर पक्षीगणना होते, त्यात पंधरा मिनिटांची लिस्टही चालते, सुरुवात करायला ते दिवस छान. नाहीतर ५ ते १२ नोव्हेंबर, २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो तो, ५ ला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा, तेव्हा ठिकठिकाणी जाणकारांसोबत फेऱ्या निघतात, एखादीला जाऊन या.

पहिल्या दिवशी पाच पक्षी नक्की ओळखता आले तरी भरपूर झाले, बाकीच्यांची वर्णनं वहीत असू देत. लिस्ट टेकडीवरून उतरायच्या आधी देवळापाशी सावलीत बसून पूर्ण करा, खाली आलं, मिसळ मागवली, गप्पा सुरू झाल्या की वंचक तीन होते का पाच ते आठवत नाही. आणि पुढची तारीख तिथेच ठरवून टाका, पंधरा दिवसांनी, हीच वेळ, हीच वाट, थांबायच्या जागा पण त्याच.